बशीच्या पाठीवरचा शिक्का

आमच्या घरात एक बशी आहे, तिच्यात चहा कधीच ओतला गेला नाही. तळहातावर मावेल एवढी, जेमतेम चार इंचांची, किंचित खोलगट. कडेला सोनेरी रेघ आणि मध्ये तीन गुलाबी गुलाब. नानी तिच्यात कानातल्या बाळ्या, एक तुटकी चमकी आणि तसबी ठेवायची. ईदच्या सकाळी हे सगळं बाजूला करून त्यात अत्तराचा फाया यायचा. आम्हा पोरांना त्या बशीला हात लावायची परवानगी नव्हती. कारण एकच सांगितलं जायचं: "बाबांनी जपानहून आणलेली आहे."

बाबा म्हणजे नानीचे वालिद. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून ते मुंबईला गेले, बोटीवर खलाशी म्हणून लागले आणि वाढत वाढत सारंग झाले. कोकणातल्या मुसलमान वस्त्यांमध्ये अशी माणसं घरटी एक तरी सापडायची. १९४२ साली बाबा बोटीसकट समुद्रात गेले. त्यामुळे मय्यत घरी आली नाही, कबर नाही. फोटो त्यांनी कधी काढलाच नव्हता. मागे राहिली ती ही बशी.

नानी गेल्यावर चाळीस दिवसांनी अम्मीने तिची पेटी उघडली. बशी माझ्या हातात आली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ती उलटी केली. बुडाशी लाल शाईत बारीक इंग्रजी अक्षरं होती: 'मेड इन ऑक्युपाइड जपान'. व्याप्त जपानमध्ये बनवलेली.

इतिहासाचा थोडा नाद असल्यामुळे मी तिथेच थबकलो. जपान व्याप्त कधी झाला? दुसरं महायुद्ध हरल्यावर, १९४५ मध्ये. आणि बाबा गेले १९४२ मध्ये.

त्या दिवशी मी हे घरात कोणाला सांगितलं नाही. पुढची चार-पाच वर्षं मात्र मी अशा बश्या शोधत फिरलो. लोकांना वाटतं मला छंद लागला. खरं सांगायचं तर मला तो शिक्का खोटा ठरवायचा होता. तेच तीन गुलाब, तीच सोनेरी कड आणि पाठीवर जुना शिक्का, अशी एखादी बशी मिळाली असती तर म्हणता आलं असतं की हे घडण युद्धाच्या आधीपासून बनत होतं, आमच्या बशीवरचा शिक्काच काहीतरी भलता आहे. तशी बशी मिळाली नाही. पण या खटाटोपात माझ्याकडे एकतीस बश्या जमल्या आणि बशीच्या पाठीवरचे शिक्के वाचायला मी शिकलो.

हे शिक्के वाचणं म्हणजे शिलालेख वाचण्यासारखंच काम आहे, फक्त लेख दीड इंचाचा असतो. त्याची सुरुवात जपानमध्ये नाही, अमेरिकेत होते. १८९० मध्ये अमेरिकेने मॅकिन्ली यांच्या नावाने ओळखला जाणारा जकात कायदा केला. त्यानुसार १८९१ पासून बाहेरून येणाऱ्या मालावर तो कोणत्या देशातला आहे हे इंग्रजी अक्षरांत लिहिणं बंधनकारक झालं. जपानी कारखानदारांनी आपल्या देशाचं आपल्या भाषेतलं नाव लिहिलं: 'निप्पॉन'. तीस वर्षं ते चाललं. १९२१ मध्ये अमेरिकी जकातवाल्यांना साक्षात्कार झाला की 'निप्पॉन' हा इंग्रजी शब्दच नाही. तेव्हापासून 'जपान' किंवा 'मेड इन जपान'. म्हणजे पाठीवर देशाचं नावच नसेल तर भांडं १८९१ च्या आधीचं असू शकतं, 'निप्पॉन' असेल तर १८९१ ते १९२१, 'जपान' असेल तर त्यानंतरचं. एका परक्या देशाच्या जकात कायद्याने जपानी कारागिराच्या कामाला तारखा देऊन ठेवल्या. संग्राहकांचं सगळं पंचांग यावर चालतं. (अर्थात यालाही फसवणारे आहेत. नव्या भांड्यावर 'निप्पॉन'चा जुना शिक्का मारून विकण्याचा धंदा गेली काही दशकं तेजीत आहे. माझ्या एकतीसपैकी दोन बश्या तशा आहेत. त्या मी फेकल्या नाहीत. आपली अक्कल किती, याची आठवण म्हणून ठेवल्या आहेत.)

आणि मग युद्धानंतरचा शिक्का. शरणागतीनंतर जपानचा परदेश व्यापार दोस्त राष्ट्रांच्या लष्करी प्रशासनाच्या ताब्यात गेला. परदेशी खासगी व्यापाऱ्यांना पुन्हा दार उघडलं ते १५ ऑगस्ट १९४७ रोजी. हो, तीच तारीख. आपण मोकळे होत होतो त्या दिवशी जपान आपला माल विकण्यापुरता अर्धवट मोकळा होत होता. त्या काळात निर्यातीच्या मालावर 'व्याप्त जपान' असं लिहावं लागे. १९४९ च्या अखेरीस ती सक्ती सैल झाली आणि २८ एप्रिल १९५२ ला व्यापच संपला. म्हणून हा शिक्का असलेली भांडी त्या पाच वर्षांच्या फटीतली. त्याच्या आधीची असूच शकत नाहीत.

आता या बश्या बनवल्या कोणी, ते थोडं सांगतो, कारण मला त्या माणसांविषयी जास्त कुतूहल आहे. मोरिमुरा नावाच्या घराण्यातल्या दोन भावांनी १८७६ मध्ये टोकियोत व्यापारी पेढी काढली. धाकटा न्यूयॉर्कला गेला, तिथे जपानी वस्तूंचं दुकान थाटलं. अमेरिकी बायांना काय आवडतं ते तो तिकडून कळवायचा, थोरला इकडे बनवून घ्यायचा. चित्रकाम करणाऱ्यांच्या कार्यशाळा वेगवेगळ्या शहरांत विखुरलेल्या होत्या, त्या त्यांनी हळूहळू नागोयाला आणल्या, कारण जवळच सेतो हे भांड्यांचं गाव. जपानी भाषेत मातीच्या भांड्यांना 'सेतोमोनो' म्हणतात, म्हणजे सेतोची वस्तू. आपण 'चिनी माती' म्हणतो, इंग्रज तर भांड्यालाच 'चायना' म्हणतो. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या गावाचं नाव मातीला देऊन टाकलं आहे. १९०४ मध्ये याच मंडळींनी नागोयाजवळच्या नोरिताके नावाच्या खेड्यात कारखाना घातला आणि ते खेड्याचं नाव पुढे जगभर जेवणाच्या टेबलांवर गेलं.

चिनी मातीची बशी दोन-तीनदा आगीतून जाते. पांढरीशुभ्र माती, क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार यांचा लगदा आकाराला आणायचा, वर काचेसारखा लेप द्यायचा आणि तेराशे अंशांच्या आसपास भाजायचा. इथवर बशी कोरी. मग चित्रकार तिच्यावर लेपाच्या वरून रंग भरतो आणि ती पुन्हा भट्टीत जाते, पण या वेळी आच बरीच मंद, आठशे अंशांच्या घरात. सोनं सगळ्यात शेवटी. म्हणून सगळ्यात आधी जातं तेही सोनंच, कारण ते वर नुसतं चिकटलेलं असतं. आमच्या बशीची एका बाजूची कड पांढरी पडली आहे. अम्मीने लहानपणी एकदा नानीला मदत म्हणून ती राखेने घासली होती. त्याचा मार तिला अजून आठवतो.

हाताने रंगवलेली कोणती आणि छापाची कोणती, हे ओळखायला भिंग लागतं. छापाच्या फुलात बारीक ठिपके दिसतात, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. हाताच्या फुलात ब्रश कुठे टेकला, कुठे उचलला ते दिसतं. कडांना रंग दाट, मध्ये विरळ. नखाने हलकेच चाचपलं तर रंगाची उंची लागते. आमच्या बशीतले तीन गुलाब मी भिंगाखाली पाहिले तेव्हा दोन अगदी सराईत होते, पाकळी चार फटकाऱ्यांत उरकलेली. तिसऱ्याला मात्र रंगवणाराचा हात घसरला आहे आणि ती घसरण एका जादा पानाखाली झाकली आहे. दिवसाला किती बश्या रंगवाव्या लागत असतील त्या हाताला! आणि गुलाब तरी कुठला? तो जपानचा गुलाबही नाही. युद्धानंतर या मालातला बराचसा भाग जर्मनीच्या नि फ्रान्सच्या जुन्या घडणींची नक्कल होता, कारण अमेरिकी गिऱ्हाइकाला तेच हवं होतं. कच्चा माल धड मिळत नव्हता. नोरिताके कारखान्याने तर या काळात काही वर्षं स्वतःचं नाव न लावता 'रोझ चायना' असा वेगळा शिक्का वापरला, कारण निघणारा माल आपल्या नावाला शोभत नाही असं त्यांना वाटलं. हरलेल्या, जळलेल्या देशात बसून कोणीतरी परक्या बागेतला गुलाब परक्या टेबलासाठी रंगवत होतं. आमची बशी नोरिताकेची नाही, कुठल्या तरी लहान कारखान्याची आहे. बाजारात तिला फार किंमतही नाही. माझ्या संग्रहातल्या निम्म्या बश्या मी तीन-चारशे रुपयांच्या आत घेतल्या आहेत.

या बश्या मिळतात कुठे, असं बरेच जण विचारतात. मला मिळाल्या त्या बहुतेक मुंबईच्या मटन स्ट्रीटवर, म्हणजे चोरबाजारात. शुक्रवारी पक्की दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुम्म्याचा बाजार भरतो, तेव्हा सकाळी सातच्या आत जावं. तिथले एक चाचा मला 'बशीवाले' म्हणतात. त्यांनीच मला टिचकी ऐकायला शिकवलं. बशी तीन बोटांच्या टोकांवर धरायची आणि नखाने टिचकी द्यायची. धड बशी घंटेसारखी वाजते. तडा असेल तर 'ठक्' होतं, डोळ्याला दिसो न दिसो. एकदा मी विचारलं, "चाचा, मुंबईत इतका जपानी माल आला कसा?" ते म्हणाले, "कापूस गेला, भांडी आली."

चाचांनी शाळा पाहिलेली नाही, पण हे उत्तर तंतोतंत खरं आहे. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा आणि जपानची निप्पॉन युसेन कैशा यांनी मिळून मुंबई-कोबे अशी जहाजसेवा सुरू केली, पी. अँड ओ. कंपनीच्या चढ्या भाड्याला कंटाळून. जाताना आपला कापूस, येताना जपानी कापड, काचसामान, खेळणी, भांडी. मागोमाग हिंदी व्यापारी योकोहामा आणि कोबेला जाऊन राहिले. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर त्यांतले पुष्कळ जण कोबेला सरकले. तिथल्या मुसलमान व्यापाऱ्यांच्या, हिंदी आणि तातार दोघांच्या, देणग्यांतून १९३५ मध्ये कोबेची मशीद उभी राहिली. ती १९४५ च्या बॉम्बवर्षावातून वाचली आणि १९९५ च्या भूकंपातूनही. नानी आम्हाला सांगायची की बाबांनी जपानात अजान ऐकली होती. आम्ही हसायचो. ते हसणं मला आता फार खुपतं.

तर बाबा कोबेला गेले होते, यात शंका नाही. पण ती बशी?

शेवटी मी मामूंना सांगितलं. सांगायला नको होतं, निदान जेवणावर तरी. मामू संतापले. "दोन बुकं वाचलीस म्हणून माझ्या आईला खोटं ठरवतोस?" मी तारखा सांगू लागलो, तसे ते आणखी भडकले. मग ते जे बोलले ते मला ठाऊकच नव्हतं. बाबांची बोट जपान्यांनी बुडवली होती. एप्रिल १९४२ मध्ये जपानी आरमार बंगालच्या उपसागरात घुसलं आणि थोड्याच दिवसांत वीसच्या आसपास व्यापारी जहाजं तळाला गेली, हे मी इतिहास म्हणून वाचलं होतं. त्यांतल्या एकावर आपल्या घरातला माणूस होता, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मामू म्हणाले, "युद्धाआधी बाबांनी आणली, तर ती बाबांची बशी. युद्धानंतर आली असेल, तर माझ्या आईने बापाला मारणाऱ्यांची बशी घरात जपली, असं म्हणायचंय तुला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामू सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. त्या वर्षीच्या ईदला शीरखुर्म्याचा डबा अम्मीकडे आला, पण माझं नाव न घेता.

इथे थोडं विषयांतर करतो. विल्यम हॉकिन्स नावाचा इंग्रज १६०९ ते १६११ या काळात जहांगीर बादशहाच्या दरबारी होता. त्याने एक हकिगत लिहून ठेवली आहे. बादशहाची आवडती चिनी मातीची थाळी एका सरदाराच्या ताब्यात होती. सामान उंटावरून जात असताना उंट पडला आणि ती फुटली. सरदाराने गुपचूप आपला माणूस थेट चीनकडे पाठवला, तशीच दुसरी आणायला, बादशहाला कळायच्या आत. माणूस काही परतेना. बादशहाने थाळी मागितली, सरदाराला कबूल करावं लागलं. त्याला फटके बसले, तुरुंग झाला आणि मग हुकूम झाला, आता तू स्वतः जा आणि आण. पुढे इराणच्या शहाकडून तशी एक थाळी मिळाली तेव्हा कुठे तो सुटला. ही गोष्ट मी पूर्वी जहांगीराच्या लहरीपणाचा नमुना म्हणून सांगायचो.

गेल्या हिवाळ्यात मी छोट्या नानीकडे गेलो. छोटी नानी म्हणजे नानीची धाकटी बहीण. बाबा गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती, आता चौऱ्याऐंशीची आहे आणि गावातच राहते. ऐकू कमी येतं, पण नजर शाबूत आहे. मी बशी सोबत नेली होती. रुमालातून काढून तिच्या हातात दिली. तिने ती लगेच उलटी केली. इतक्या वर्षांत मी सोडून हे कोणी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

"ही ती नाही," ती म्हणाली.

मी गप्प बसलो.

"ती निळी होती. म्हणजे फुलं गुलाबीच, पण कड निळी. बाबांनी आणलेली. मी फोडली." मग थांबून म्हणाली, "नऊ वर्षांची होते मी. कोनाड्यात चढले होते, गुळाचा डबा घ्यायला."

त्या दिवशी त्यांची आई शेतावर होती. थोरल्या बहिणीने, म्हणजे माझ्या नानीने, तुकडे गोळा केले, फडक्यात बांधले आणि खाडीत टाकून आली. लहानीला बजावलं, तोंड उघडायचं नाही. आठ-दहा दिवसांनी तिला मुंबईला जायचंच होतं. बाबांच्या बोट कंपनीकडून त्यांच्या जिवाचे काही पैसे यायचे होते, ते वर्षानुवर्षं अडकले होते, आणि घरात पुरुष म्हणून कोणी उरला नव्हता, म्हणून अठरा वर्षांची नानी दूरच्या एका चाच्यासोबत बोटीने गेली. परतताना पैसे आणले, आईला लुगडं आणलं आणि ही बशी आणली. छोट्या नानीच्या म्हणण्याप्रमाणे नळबाजारातल्या एका दुकानातून. दुकानदाराला तिने विचारलं होतं, जपानची आहे ना? तो हो म्हणाला. नानीला उर्दू वाचता यायचं, कुराण वाचता यायचं. इंग्रजी येत नव्हतं.

साल मी बोटांवर मोजलं. १९४९.

मी विचारलं, "बाबांची बोट कोणी बुडवली, ते नानीला माहीत होतं?"

"गावात सगळ्यांना माहीत होतं," छोटी नानी म्हणाली. "पण आमच्या आईला बशी पाहिजे होती ना."

१९५२ च्या जूनमध्ये भारताने जपानशी वेगळा तह केला. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेला आपण गेलो नव्हतो. या तहात आपल्या सरकारने जपानकडे युद्धाची नुकसानभरपाई मागितली नाही. परराष्ट्र धोरणाच्या पुस्तकांत त्याचं कौतुक असतं आणि ते योग्यही आहे. मी तो प्रकरणभाग पुन्हा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर नळबाजारात उभी असलेली एक मुलगी होती.

"आणि आईला कळलं नाही?" मी विचारलं. "निळ्या कडेची बशी सोनेरी झालेली?"

छोटी नानी बशीवरची धूळ पदराने पुसत होती. "कळलं असणार," ती म्हणाली. "आईने संध्याकाळी उचलली, दिव्याजवळ नेऊन बघितली, आणि होती तिथे ठेवली. मला म्हणाली, कोनाड्यात चढत जाऊ नकोस, पडशील."

मुंबईला मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर गेलेल्या हिंदी खलाशांच्या नावांचं एक पुस्तक ठेवलेलं आहे. जवळपास सहा हजार नावं. तसंच दुसरं पुस्तक चितगावला आहे. ज्यांना कबर मिळाली नाही, त्यांची ही एवढीच जागा. मामू आणि मी दोघे मिळून तिथे गेलो, कारण छोट्या नानीचं बोलणं मी फोनवर ध्वनिमुद्रित करून त्यांना ऐकवलं होतं. ऐकून ते काही बोलले नव्हते. पुस्तकात बाबांचं नाव सापडलं. मामूंनी त्यावर बोट ठेवलं, फातिहा पढली आणि बाहेर येऊन चहा मागवला. चहा पिताना म्हणाले, "तरी तू ती जेवणावर काढायला नको होतीस."

ते मी मान्य केलं.

बशी आता मामूंकडे आहे. त्यांनी मागितली आणि मी दिली. चोरबाजारात मी अजून जातो. आता मी निळ्या कडेची शोधतो आहे, गुलाबी फुलांची, पाठीवर नुसतं 'जपान' लिहिलेली. तशी एक मागच्या महिन्यात हाती लागली होती, पण टिचकी मारली तर ठक् वाजली. घासाघीस करून मी ती घेतली. पुढच्या वेळी गावाला जाईन तेव्हा छोट्या नानीला दाखवायची आहे.